पोटावरची घडी आणि विम्याचा कागद

व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा 'कामगार आणि आरोग्यविमा' असे मोघम नाव मी कळवून टाकले होते. प्रत्यक्ष व्यासपीठावर उभा राहून, "आज मी पोटावर लोंबणाऱ्या कातडीविषयी बोलणार आहे," असे म्हणालो, तेव्हा मागच्या रांगांत हशा पिकला. पुढे सतरंजीवर स्त्रिया बसल्या होत्या. त्यांच्यातल्या दोघीतिघी हसल्या नाहीत; एकीने पदर पोटावरून सारखा केला. त्या संध्याकाळी जे बोललो ते, आणि वेळेअभावी राहून गेले तेही, येथे सविस्तर मांडीत आहे. आणि मुख्यतः त्या न हसणाऱ्या दोघीतिघींसाठी मांडीत आहे.

प्रथमच सांगून टाकतो की मी डॉक्टर नाही आणि वकीलही नाही. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या दारावरच्या सभांत, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि रात्री जागून वाचलेल्या कायद्याच्या पुस्तकांत झाले. अशा शिक्षणाचा एक फायदा असा की छापील कलमाची भीती वाटेनाशी होते; आणि एक तोटा असा की आपल्याला सारेच समजते असे वाटू लागते. या तोट्याची किंमत एका बाईला कशी मोजावी लागली, ते पुढे येईलच.

आधी दुखणे काय आहे ते पाहू. माणसाची कातडी ताणते, परंतु ती बेताबाहेर ताणली गेली की तिच्यातले लवचीक तंतू तुटतात आणि मग ती पूर्वस्थितीला येत नाही. लागोपाठची बाळंतपणे, बरीच वर्षे राहिलेला लठ्ठपणा, आणि त्यानंतर पथ्याने, आजाराने किंवा जठराच्या शस्त्रक्रियेने भराभर उतरलेले वजन, अशा क्रमाने हे घडते. धान्य निघून जाते आणि रिकामे पोते तेवढे राहते. हे पोते ओटीपोटावरून खाली लोंबू लागते. डॉक्टर मंडळींनी त्याच्या पाच पायऱ्या ठरविल्या आहेत. पहिल्या पायरीत ते ओटीपोटाच्या केसांच्या रेषेपर्यंत येते, तिसरीत मांडीच्या वरच्या भागापर्यंत आणि पाचवीत थेट गुडघ्यापर्यंत किंवा त्याच्याही खाली. व्यायामाने स्नायू कमावता येतो, पथ्याने चरबी घटते. पण ही सैल झालेली कातडी यांपैकी कशानेही आत जात नाही. "जरा चालत जा, म्हणजे कमी होईल," हा सल्ला ज्या बाईने चालून चालूनच तीस किलो वजन उतरविले आहे तिला देणारे लोक मी पाहिले आहेत.

लठ्ठपणा हा गादीवर बसणाऱ्यांचा रोग आहे, आपल्या कष्टकऱ्यांचा त्याच्याशी काय संबंध, असे आमच्या चळवळीतले जुने लोक अजून म्हणतात. मीही म्हणत असे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या दर शंभर भारतीय स्त्रियांपैकी चोवीस जणी प्रमाणाबाहेर वजनाच्या किंवा लठ्ठ आढळल्या. त्या चोवीसांत शेटाणीही आहे आणि शाळेत खिचडी शिजवणारी बाईही आहे. फरक इतकाच की शेटाणी पंख्याखाली बसते.

आणि हा फरक लहान नाही. घडीच्या आत वारा शिरत नाही, घाम वाळत नाही, कातडीवर कातडी घासत राहते. पावसाळ्यात चिखलात उभे राहणाऱ्यांच्या पायाच्या बोटांमध्ये चिखल्या होतात, त्या आपल्या भागात कुणाला समजावून सांगाव्या लागत नाहीत. तोच प्रकार पोटाच्या घडीत बारा महिने चालतो. ओलसर कातडी पांढुरकी पडते, सोलून निघते, तीत बुरशी वाढते, वास येऊ लागतो. मलम लावले की आठ दिवस बरे, पुन्हा चुलीपुढे उभे राहिले की पहिले पाढे पंचावन्न. मधुमेह असला तर चिरांमधून जंतू आत शिरतात आणि कातडीखालचा भाग लाल होऊन सुजतो. थंडी वाजून ताप भरतो आणि रुग्णालयात दाखल होऊन सलाईन घ्यावे लागते. त्यात आपल्या स्त्रियांच्या परकराची नाडी नेमकी तिथेच आवळलेली असते. नाडीच्या घासण्याला कुणी हसू नये. वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील आणि बिहारमधील मधुबनीच्या डॉक्टरांनी २०२४ साली 'बीएमजे केस रिपोर्ट्स' या नियतकालिकात दोन स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. कमरेवर नाडीने वर्षानुवर्षे झालेल्या घर्षणाच्या जखमेत त्या दोघींना कातडीचा कर्करोग झाला होता. त्या जखमा पोटाच्या घडीतल्या नव्हत्या, आणि असा कर्करोग फार विरळा आहे, हेही सांगितले पाहिजे. उगाच भीती घालण्याचा माझा हेतू नाही. पण वर्षानुवर्षे न मिटणारी जखम ही 'किरकोळ' नसते, एवढे त्यावरून दिसते.

औषधांनी भागत नाही तेव्हा ही लोंबती कातडी आणि तिच्यातली चरबी कापून काढण्याची शस्त्रक्रिया करतात. तिचे वैद्यकीय नाव पॅनिक्युलेक्टॉमी. ती काही कालपरवाची टूम नव्हे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हॉवर्ड केली या शल्यवैद्याने ती १८९९ साली केल्याची नोंद आहे. ओटीपोटावर एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत आडवा छेद घेतात, लोंबणारा भाग काढून टाकतात आणि कडा जोडून शिवतात. पूर्ण भूल द्यावी लागते. आत पाणी साचू नये म्हणून नळ्या ठेवतात. जखम उसवणे, पू होणे, पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होणे असे धोके असतात. तंबाखू ओढणाऱ्याला आणि साखर आटोक्यात नसलेल्याला ते अधिक. वजन बरेच महिने स्थिर राहिल्याखेरीज शहाणा सर्जन तिला हात घालीत नाही.

हिची एक बहीण आहे आणि सारा घोटाळा तिच्यामुळे होतो. तिचे नाव ॲब्डॉमिनोप्लास्टी. जाहिरातीतले नाव 'टमी टक'. तीत कातडी काढण्याबरोबरच पोटाचे स्नायू आवळतात, बेंबी नव्या जागी बसवितात आणि कंबर घाटदार करतात. पहिली मुख्यतः घडीतल्या जखमांच्या उपायासाठी, दुसरी मुख्यतः आकारासाठी. छेद जवळजवळ तोच, टेबल तेच, पुष्कळदा सर्जनही तोच. मग विमा कंपनीने ओळखायचे कसे? कागदावरून, आणि विम्याचा सारा प्रश्न या कागदाचाच आहे.

आमचे शिरपूर अंतरिक्ष पार्श्वनाथाचे गाव. इथली मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे अशी भाविकांची श्रद्धा. देशभरातून लोक दर्शनाला येतात. युनियनच्या कचेरीत कुणाचा विम्याचा दावा अडकून पडला की मी गमतीने म्हणतो, "तुझा कागद अंतरिक्ष झाला." देवाचे अधांतरी असणे भक्ताला आनंद देते; दाव्याचे तसे नाही.

आपल्या माणसाला औषधोपचाराचा खर्च मिळण्याच्या वाटा आज साधारण तीन आहेत. पहिली कामगार राज्य विम्याची. हिच्याविषयी मला विशेष माया आहे, ती लपवीत नाही. १९४३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद असताना प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम सोपविले गेले. १९४४ मध्ये त्यांनी अहवाल दिला, १९४८ मध्ये कायदा झाला, २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली येथे योजना सुरू झाली, आणि १९५४ मध्ये ती आपल्या नागपूरला व मुंबईला आली. जर्मनीत बिस्मार्कने १८८३ मध्ये कामगारांचा आजारविमा आणला होता. आपल्याकडे यायला त्याला सत्तर वर्षे लागली. जुलै २०१९ पासून पगाराच्या शेकडा पाऊण टक्का कामगार भरतो आणि सव्वातीन टक्के मालक भरतो. १९४८ च्या कायद्याच्या अठ्ठावन्नाव्या कलमात राज्याने 'वाजवी' औषधोपचार व शस्त्रक्रिया पुरवाव्यात अशा अर्थाचे शब्द होते. 'वाजवी' हा मोठ्या मनाचा शब्द आहे. त्याला शस्त्रक्रियांची ठरीव यादी नाही, दर कुटुंबाला अमुक लाखांची मर्यादा नाही. तपासणाऱ्या डॉक्टरचे मत तिथे वजनदार ठरते. शिवाय रजेच्या काळात पगाराच्या सत्तर टक्के भत्ता, वर्षातून एक्याण्णव दिवसांपर्यंत. पोटावरच्या शस्त्रक्रियेनंतर दीड-दोन महिने ओझे उचलता येत नाही, तेव्हा हा भत्ता औषधाइतकाच मोलाचा. ज्याच्याकडे हे कार्ड आहे त्याने आधी तिकडेच जावे.

परंतु हे छत्र १ जानेवारी २०१७ पासून महिना एकवीस हजार रुपये पगाराच्या रेषेवर येऊन थांबले. येथे आमच्या चळवळीची एक थट्टा घडली. आम्ही एका कारखान्यात तीन वर्षे झगडून करार केला, पगार वाढला, गुलाल उधळला. आणि त्या गुलालात काही कामगार एकवीस हजारांची रेषा ओलांडून विम्याच्या बाहेर गेले. पगारवाढ आम्हीच मिळवून दिली आणि छत्राखालून बाहेरही आम्हीच ढकलले. खिचडी शिजवणाऱ्या बायांची गोष्ट तर निराळीच. त्यांना मिळते ते मानधन, पगार नव्हे. आणि मानधनाला हे छत्र लागत नाही.

दुसरी वाट महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची. २ जुलै २०१२ रोजी ती राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी सर्व महाराष्ट्रात आली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. पूर्वी ती पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेची होती. शेतकरी आत्महत्यांच्या चौदा जिल्ह्यांत मात्र पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यालाही ती मिळे, आणि त्या चौदांत आमचा वाशीम जिल्हा होता. १ जुलै २०२४ पासून ती राज्यातील सर्व कुटुंबांना खुली झाली आणि कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आले. ही योजना यादीवर चालते. ठरलेल्या शस्त्रक्रियांची यादी, तिचे ठरलेले दर, आणि आधी मंजुरी. केवळ दिसण्यासाठीची शस्त्रक्रिया तीत बसत नाही. म्हणून रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे जाताना तोंडी 'पोटाचे ऑपरेशन' म्हणू नये. डॉक्टरने लिहिलेले निदान पुढे ठेवावे आणि यादीत त्या निदानाखाली काय आहे ते त्याच्याकडून पाहून घ्यावे. लोंबत्या कातडीखाली पुष्कळदा जुन्या सिझेरियनच्या टाक्यांतून आलेला हर्निया दडलेला असतो. तो स्वतंत्र रोग आहे, त्याची स्वतंत्र शस्त्रक्रिया आहे, आणि त्याची नोंदही स्वतंत्र व्हायला हवी.

येथे एक इशारा देतो. आमच्यातलेच काही हुशार लोक सल्ला देतात, "हर्निया नसला तरी लिहून घ्या, म्हणजे पास होते." हे कदापि करू नये. सोनोग्राफी खोटे बोलत नाही. आणि एकदा लबाडी उघडी पडली की त्या माणसाचा पुढचा खरा दावाही संशयाने पाहिला जातो. त्याचाच नव्हे, त्याच्या मागून येणाऱ्या दहा जणांचाही.

तिसरी वाट विकत घेतलेल्या पॉलिसीची. स्वतः घेतलेली असो की मालकाने सर्वांसाठी मिळून काढलेली असो. सरकारी कंपन्यांनी १९८६ मध्ये 'मेडिक्लेम' आणला तेव्हापासून ही वाट मळली. पूर्वी प्रत्येक कंपनी काय द्यायचे नाही ते आपापल्या भाषेत लिहीत असे. २०१९ च्या सप्टेंबरात भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने न देण्याच्या बाबींची भाषा सर्वांना एकच करून दिली. तीत आपल्या कामाची दोन कलमे आहेत. सहाव्या क्रमांकाचे कलम लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेचे आहे. उंचीच्या मानाने वजनाचा जो निर्देशांक काढतात तो चाळीस असला, किंवा पस्तीस असून सोबत हृदयरोग, आटोक्यात न येणारा मधुमेह यांसारखे गंभीर दुखणे असले, तर काही अटींवर ती शस्त्रक्रिया मिळू शकते. आठव्या क्रमांकाचे कलम सौंदर्याच्या व प्लास्टिक शस्त्रक्रियेचे. लोंबती कातडी या आठव्यात अडकते. सरकार आणि कंपन्या वजन उतरविण्याचा खर्च मान्य करू लागल्या. पण वजन उतरल्यावर मागे राहणाऱ्या पोत्याचे काय, हे कुठल्या कलमाखाली पाहायचे ते कुणी सांगितले नाही.

हे आठवे कलम सावकाश वाचण्यासारखे आहे. पुष्कळ लोक पहिली ओळ वाचून पुस्तिका मिटतात. पहिली ओळ म्हणते की रूप बदलण्यासाठी केलेल्या उपचाराचा खर्च मिळणार नाही. पण वाक्य तिथे संपत नाही. पुढे अपवाद येतात. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना हा एक. आणि दुसरा असा की विमाधारकाच्या आरोग्याला असलेला थेट व तात्कालिक धोका दूर करण्यासाठी वैद्यकीय दृष्ट्या आवश्यक असलेला उपचार. ही आवश्यकता उपचार करणाऱ्या डॉक्टरने प्रमाणित केली पाहिजे. थेट, तात्कालिक, आवश्यक, प्रमाणित. या चार शब्दांच्या खिंडीतून आपली गाडी न्यायची आहे.

आता माझी चूक सांगतो. वर ज्या कराराची गोष्ट सांगितली त्यात एकवीस हजारांच्या बाहेर गेलेला आमचा एक फिटर होता. मालकाने अशा कामगारांसाठी सामूहिक पॉलिसी काढली होती, तीत बायकोचे नावही होते. ही वहिनी शाळेत खिचडी शिजवते. तीन बाळंतपणे, त्यातले शेवटचे सिझेरियन, मधुमेह. डॉक्टरने धाक घातल्यावर तिने दोन वर्षांत शहाण्णव किलोंवरून चौसष्टवर वजन आणले. लोंबती कातडी मांडीवर आली होती. अकोल्याच्या एका रुग्णालयात सर्जनने शस्त्रक्रिया सुचविली. फिटर माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला आला.

मी अर्ज चांगला लिहितो अशी माझी ख्याती आहे, निदान माझ्यापुरती. वहिनींना चारचौघींत बसण्याची लाज वाटते, लग्नकार्याला जाणे त्यांनी सोडले आहे, लोक हसतात, मनाला फार यातना होतात, असे दोन पाने भरून लिहिले. वाचताना फिटरच्या डोळ्यांत पाणी आले. मला धन्यता वाटली. कंपनीचे उत्तर एका ओळीचे होते: अर्जावरून ही शस्त्रक्रिया रूपासाठी असल्याचे दिसते, सबब आठव्या कलमाखाली नामंजूर.

कंपनीचे नाव सांगण्यात अर्थ नाही. कारण दोष कंपनीचा नव्हता. तिला नकाराचे कारण मीच लिहून दिले होते.

मी घरी गेलो आणि पहिल्यांदाच वहिनींशी बोललो. तोवर मी फक्त तिच्या नवऱ्याला विचारले होते. परक्या बाईला तिच्या पोटाविषयी काय विचारायचे, हा संकोच होता. तिने पेटी उघडून एक पिशवी काढली. तीत चार वर्षांचे केस पेपर होते, मलमांच्या चिठ्ठ्या होत्या, साखरेचे अहवाल होते, आणि मागच्या पावसाळ्यात घडीतल्या जंतुसंसर्गाने ताप भरून पाच दिवस दवाखान्यात सलाईनवर काढल्याचे डिस्चार्ज कार्ड होते. मी म्हणालो, "वहिनी, हे आधी का नाही दिले?" ती म्हणाली, "तुमी मले इचारलंच कुठं, भाऊ?"

दुसरा अर्ज तीन परिच्छेदांचा झाला. त्यात लाज हा शब्द नव्हता. कुठल्या तारखेला कुठल्या डॉक्टरने घडीत काय पाहिले, कोणते औषध किती आठवडे चालले, ते थांबताच जखम किती दिवसांत परतली, साखर किती होती, वजन किती महिन्यांपासून स्थिर आहे, एवढेच. सोबत सर्जनचे नवे प्रमाणपत्र. पहिल्या प्रमाणपत्रात त्यांनी नुसते 'पोटाची सैल कातडी' असे लिहिले होते. त्यांचीही चूक नाही, त्यांना कुणी कलम दाखविले नव्हते. मी पुस्तिकेचे ते पान घेऊन गेलो. ते वाचून म्हणाले, "हे मला आधी कळते तर!" त्यांनी लिहिले की मधुमेही रुग्णात वारंवार होणारा हा संसर्ग थेट धोका आहे, एकदा त्याने रुग्णालयात दाखल करावे लागलेले आहे, औषधोपचार थकले आहेत, आणि प्रस्तावित शस्त्रक्रियेत स्नायू आवळणे किंवा आकार देणे अंतर्भूत नाही. हे शेवटचे वाक्य मोलाचे ठरले असे मला वाटते.

छायाचित्रांची गोष्ट नाजूक होती. अमेरिकेतील बऱ्याच विमा कंपन्या या शस्त्रक्रियेसाठी समोरून व बाजूने काढलेली छायाचित्रे मागतात. घडी जननेंद्रियांच्या हाडाच्या खाली उतरली आहे का आणि तीन महिन्यांच्या उपचारानेही चट्टे हटले नाहीत का, हे त्यांना पाहायचे असते. आपल्याकडे तसा छापील नियम माझ्या पाहण्यात नाही, पण मागितली तर नाही म्हणता येत नाही. वहिनी आधी तयार नव्हत्या. रुग्णालयातल्या परिचारिकेने आत नेऊन ती काढली, चेहरा वगळला, आणि ती थेट डॉक्टरांच्या कागदांबरोबर गेली. मी पाहिली नाहीत, फिटरच्या मोबाइलमध्येही राहू दिली नाहीत. युनियनच्या कार्यकर्त्यांनी हा नियम करावा.

याही वेळी नकार आला असता तर पुढची पायरी होती. २०२४ च्या मे महिन्यातील प्राधिकरणाच्या परिपत्रकाप्रमाणे कंपनीतल्या दाव्यांचा फेरविचार करणाऱ्या समितीच्या संमतीवाचून दावा नाकारता येत नाही, आणि नाकारताना कोणत्या अटीखाली ते सांगावे लागते. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करायची. महिनाभरात समाधान झाले नाही तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जायचे. तिथे फी नाही, वकील लागत नाही. आमच्यासारख्या सातवी नापासांसाठीच जणू केलेली जागा. आम्हाला जावे लागले नाही. तीन आठवड्यांनी मंजुरी आली. खोलीचे भाडे पॉलिसीच्या मर्यादेपेक्षा अधिक निघाले म्हणून शेवटी काही रक्कम कापली गेली. ती फिटरने भिशी उचलून भरली. खोली घेतानाच मर्यादा विचारायला हवी होती. हेही आम्ही शिकलो.

कुणी म्हणेल, युनियनवाला असून तुम्ही कंपनीला इतके सांभाळून का बोलता? त्याचे कारण ही भिशीच आहे. विमा म्हणजे हजारो लोकांची भिशी. लग्नाआधी कंबर घाटदार करून घेण्याचा कुणा हौशी माणसाचा खर्च हमालाच्या हप्त्यातून द्यावा असे मला वाटत नाही. आठवे कलम असावेच. माझी तक्रार निराळी आहे. हे कलम वाचणारा अधिकारी थंड खोलीत बसतो. 'तात्कालिक धोका' म्हटले की त्याच्या डोळ्यांसमोर रक्ताची धार येते. मे महिन्यात चुलीपुढे चार तास उभे राहणाऱ्या बाईच्या घडीत काय चालले आहे ते त्याला दिसत नाही, आणि ते दाखविणारा कागद आपल्या दवाखान्यांत तयार होत नाही. पाळीत शंभर माणसे तपासणारा डॉक्टर केस पेपरवर 'खाज' एवढेच लिहून मलम देतो. जागा लिहीत नाही, कितव्यांदा ते लिहीत नाही. बाई ती चिठ्ठी मलम संपले की चुलीत घालते. पुढे चार वर्षांनी सर्जनसमोर ती उभी राहते तेव्हा कागदाच्या हिशेबाने तिला काहीच झालेले नसते.

म्हणून आम्ही कचेरीत एक वही ठेवली आहे. तीत रोगाची माहिती लिहीत नाही. ती ज्याची त्याच्याजवळ. फक्त नाव, पॉलिसीचा किंवा कार्डाचा क्रमांक, हप्ता सुरू झाल्याची तारीख, आणि 'कागद जपले का' असा एक रकाना. तारखेचे महत्त्व असे की आधीपासूनच्या आजाराला आता जास्तीत जास्त तीन वर्षे थांबविता येते, हर्नियासारख्या रोगांना बऱ्याच पॉलिसींत दोन वर्षांची वाट पाहावी लागते. सामूहिक पॉलिसीत पुष्कळदा ही अट माफ असते, म्हणून करार करतानाच ती माफी लिहून घ्यावी. पुढच्या करारात बायकांची नावे आणि ही माफी या दोन मागण्या आम्ही पगाराच्या मागणीच्या शेजारी ठेवणार आहोत.

वहिनी दोन महिन्यांनी चुलीवर परतल्या. अजून जड पातेले उचलताना शेजारणीला हाक मारतात. लग्नकार्याला जाऊ लागल्या की नाही ते मी विचारलेले नाही.

व्याख्यान संपल्यावर मंडळी चहाकडे गेली तेव्हा पदर सारखा करणारी ती बाई आपल्या सुनेला घेऊन आली. सुनेच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती. आम्ही तिथेच सतरंजीवर बसून कागद तारखेप्रमाणे लावले. २०२२ पासूनचे होते, पण मधल्या आठ महिन्यांचे नव्हते; त्या काळात ती सरकारी दवाखान्यात जात होती आणि चिठ्ठ्या हरवल्या होत्या. दवाखान्याच्या बाह्यरुग्ण नोंदवहीत तिचे नाव असणार. त्या पानांची नक्कल मागणारा अर्ज मी तिला तिथेच लिहून दिला. चार ओळींचा.